लांब शब्दांची कुलपे

शनिशिंगणापुरात घराच्या चौकटीला दार नसावे, कडीकुलूप नसावे, ही प्रथा महाराष्ट्राला सुपरिचित आहे. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा बँकेच्या दारालाही कुलूप नाही, ही बातमी देशभर कौतुकाने छापली गेली. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला त्या बातमीत आणखी एक गोष्ट दिसते. युको म्हणजे पूर्वीची युनायटेड कमर्शियल बँक. १९ जुलै १९६९ रोजी ज्या १४ मोठ्या बँका सरकारने आपल्या मालकीच्या केल्या, त्यांपैकी ती एक. त्या घटनेला पाठ्यपुस्तकांत ‘नॅशनलायझेशन’ असे १५ अक्षरांचे नाव आहे. ज्या गावात दाराला कुलूप नाही, त्या गावातला मुलगा महाविद्यालयात येतो आणि अशा शब्दाच्या दाराशी अडून बसतो, हे आमचे नित्याचे दुःख आहे.

असे शब्द एकटेदुकटे नाहीत. ‘ग्लोबलायझेशन’ आणि ‘प्रायव्हटायझेशन’ १३ अक्षरांचे, ‘लिबरलायझेशन’ आणि ‘डिमॉनेटायझेशन’ १४ अक्षरांचे, ‘इंडस्ट्रियलायझेशन’ १७ अक्षरांचा आणि ‘इन्स्टिट्यूशनलायझेशन’ तर पुरा २० अक्षरांचा! मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी हे शब्द एकेक करून पाठ करतो, परीक्षेत एखादे अक्षर गाळतो आणि आपल्याला अर्थशास्त्र जमत नाही अशी स्वतःची समजूत करून घेतो. वस्तुतः या सर्व शब्दांची शेवटची सात अक्षरे एकच आहेत: आय, एस, ए, टी, आय, ओ, एन. अमेरिकन पद्धतीत एसच्या जागी झेड येतो, एवढाच फरक. ही सात अक्षरे एकदा ओळखली, की शब्दाचे निम्मे ओझे उतरते.

या शेपटाचा पूर्वभाग मुळात ग्रीक, उत्तरभाग लॅटिन; आणि अर्थ अगदी साधा: ‘तसे करणे’. ‘नॅशनल’ म्हणजे राष्ट्राचे. जे राष्ट्राचे नव्हते ते राष्ट्राचे करणे म्हणजे नॅशनलायझेशन. आपल्या परंपरेला ही युक्ती परकी नाही. संस्कृत व्याकरणात ‘च्वि’ नावाचा प्रत्यय आहे आणि त्याचा अर्थ वैयाकरणांनी ‘अभूततद्भाव’ असा सांगितला आहे, म्हणजे जे तसे नव्हते ते तसे होणे. राष्ट्रीयीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या शब्दांच्या मध्यभागी जो दीर्घ ‘ई’ येतो, तो त्याचीच खूण. म्हणजे इंग्रजीतील सात अक्षरांचे काम मराठीत ‘ईकरण’ करते.

मग मराठी प्रतिशब्द दिला की प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. पुढे वर्गात ‘निश्चलनीकरण’ हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, म्हणजे पैसा निश्चल करायचा का?” वर्ग हसला. परंतु चूक त्याची नव्हती. ‘चलन’ हा शब्द त्याच्या ओळखीचा होता. तो या शब्दाच्या पोटात दडला आहे, हे त्याला कोणी दाखवले नव्हते. नोटा जानेवारी १९७८ मध्येही रद्द झाल्या होत्या, पण त्या १०००, ५००० आणि १०,००० रुपयांच्या. सामान्य माणसाच्या हाती त्या क्वचितच येत. २०१६ साली मात्र बँकेसमोरच्या रांगेत सारेच उभे राहिले आणि लोकांच्या तोंडी ‘नोटबंदी’ हा चार अक्षरी शब्द बसला. लोक कठीण अर्थाला भीत नाहीत. न उलगडलेल्या शब्दाला भितात.

शब्द उलगडण्याचा लाभ केवळ परीक्षेपुरता नाही. ‘करणे’ हे क्रियापद दिसले, की कर्ता कोण, हा प्रश्न उभा राहतो. ‘प्रायव्हटायझेशन झाले’ या वाक्यात विकणारा दिसत नाही, घेणारा दिसत नाही आणि किंमतही दिसत नाही; जणू पाऊस पडावा तसे ते घडले! १९९१ नंतर खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण या तिन्ही शब्दांची आद्याक्षरे घेऊन मराठीत ‘खाउजा’ हा शब्द रूढ झाला. त्यावर पुष्कळ वाद झाले, पण कोणी, कोणाचे, कोणासाठी केले, हे किती जणांनी विचारले? १९६९ च्या निर्णयाला पुढे ज्या कायद्याचा आधार मिळाला, त्याच्या नावात ‘नॅशनलायझेशन’ हा शब्द नाही. तेथे बँक कंपन्यांच्या उपक्रमांचे संपादन व हस्तांतरण, असे स्पष्ट म्हटले आहे. कोणाकडून घेतले आणि कोणाकडे गेले, हे कायद्याला सांगावेच लागते. नागरिकानेही तेवढेच विचारावे.

म्हणून शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती आहे. प्रत्येक नव्या पारिभाषिक शब्दासाठी पाच मिनिटे खर्च करावीत. तो फळ्यावर तोडून दाखवावा, त्याच शेपटाचे आणखी चार शब्द विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावेत, आणि मग मराठी प्रतिशब्दही तसाच तोडावा. अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीती मला अनुभवाने खोटी वाटते. तोडायला शिकलेला मुलगा पुढचा शब्द स्वतः तोडतो.

शनिशिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्याच नेवाश्यात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी संस्कृतातली गीता मराठीतून सांगितली. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या परिसरात ज्ञानाचे एवढे मोठे दार उघडले गेले, तेथील मुलांना आज सात अक्षरांच्या एका शेपटाने उंबरठ्यावर अडवावे, याची लाज त्यांना नव्हे, आम्हा शिकवणाऱ्यांना वाटली पाहिजे.