पीएचडीचा फॉर्म भरण्याआधी घरी काय बोलायचं?

 

गेल्या दोन महिन्यांत तुमचे जे व्हॉइस मेसेज आले, त्यात दोन प्रश्न फिरून फिरून येत होते. एक, "ताई, पीएचडीला अर्ज कसा करायचा?" आणि दुसरा, "पीएचडी करताना घर, लग्न, नोकरी हे सगळं कसं जमवायचं?" तुम्ही हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत, पण मी उत्तर एकत्रच देणार आहे. कारण घर आणि अभ्यास यांचा ताळमेळ बसणार की नाही, हे बरंचसं अर्ज करतानाच ठरतं. गाइड कोण, विषय कोणता, पूर्णवेळ की अर्धवेळ, पैसे कुठून येणार, या चार गोष्टी एकदा ठरल्या की पुढची पाच-सहा वर्षं त्यांच्या तालावर चालतात. नंतर टाइमटेबल कितीही बदला, फार फरक पडत नाही.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. मी भूगोलात पीएचडी करतेय, चौथं वर्ष चालू आहे. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी हा माझा विषय. आज बोलणार आहे ते यूजीसीच्या २०२२ च्या नियमांना धरून आणि थोडं अनुभवातून. तुमच्या विद्यापीठाचं स्वतःचं परिपत्रक मात्र आधी वाचा, कारण तपशील तिथे ठरतात.

आत जायचे दरवाजे

पीएचडीसाठी मास्टर्सला ५५ टक्के लागतात. एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची डिग्री केली असेल आणि ७५ टक्के असतील, तर मास्टर्सशिवायही अर्ज करता येतो.

त्यानंतर प्रवेश परीक्षा. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. पहिला, जेआरएफ आणि असिस्टंट प्रोफेसर. दुसरा, असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश. तिसरा, फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटात असाल, तर प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन मिळतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. हे एक वर्ष लक्षात ठेवा. "निकाल लागलाय, आता बघू निवांत" असं म्हणत बसलात तर वर्ष कधी गेलं ते कळत नाही.

जिथे विद्यापीठ स्वतःची परीक्षा घेतं, म्हणजे आपण जिला 'पेट' म्हणतो ती, तिथे निम्मा पेपर संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर असतो. बरीच मुलं विषय पक्का करून जातात आणि पहिल्या निम्म्या पेपरात अडकतात. नमुना निवड, गृहीतक, संशोधनाचे प्रकार, थोडी संख्याशास्त्राची ओळख, एवढं तरी नीट वाचून जा.

गाइड निवडताना प्रोफाइलच्या पलीकडे बघा

प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ विद्यार्थी घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलाय, त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे पहिला प्रश्न हा, की सरांकडे किंवा मॅडमकडे जागा आहे का?

दुसरं काम शोधगंगावर. ही आपल्या देशातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांची ऑनलाइन पेटी आहे, मोबाइलवर फुकट उघडते. तिथे गाइडचं नाव टाका. त्यांच्या हाताखाली कोणते विषय झाले, किती प्रबंध पूर्ण झाले, शेवटचा कधी झाला, हे सगळं दिसतं.

तिसरं काम कुणी करत नाही आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना भेटा. कँटीनमध्ये, चहा पाजून. "सर कसे आहेत?" असं विचारू नका, "चांगले आहेत" एवढंच उत्तर मिळेल. विचारायचं असं: प्रकरण लिहून दिलं तर तपासून परत यायला किती दिवस लागतात? रविवारी फोन येतात का? घरचं कुणी आजारी पडलं तेव्हा ते काय म्हणाले? त्यांच्या घरची किंवा खासगी कामं कराव्या लागतात का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा नुसता हसला, तरी उत्तर मिळालं समजा.

विषय म्हणजे तुमचं कॅलेंडर

विहिरींची पातळी मोजायची तर निदान दोन वेळा मोजावी लागते. एकदा पावसाच्या आधी, म्हणजे मे महिन्यात, आणि एकदा पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास. काठाच्या कठड्यावरून टेप आत सोडायची, पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, कठड्याची उंची वजा करायची. काम साधं आहे, पण तारीख हलवता येत नाही. एक वळीव जोरात झाला की मे महिन्याचं मोजमाप गेलं, ते एकदम पुढच्या वर्षी.

आता मे महिना म्हणजे आपल्याकडे काय? लग्नसराई. आणि ऑक्टोबर म्हणजे घरातली दिवाळीची सफाई. चुलतबहिणीच्या हळदीला मी जतमध्ये एका शेतात कडक उन्हात उभी होते. काकू आजही ते ऐकवते. पण मला हे आधीच ठाऊक होतं. विषय नक्की करण्याआधी आईला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं, की पाच वर्षं मे महिना माझा नाही. सांगितलं म्हणून कुणी नाराज झालं नाही असं नाही, झालेच. पण फसवलं असं कुणाला वाटलं नाही.

तुमचा विषय कोणताही असो, त्याचं असं कॅलेंडर असतंच. प्रयोगशाळेत पेशी वाढवत असाल तर त्यांना रविवार कळत नाही. जुनी कागदपत्रं वाचायची असतील तर अभिलेखागाराच्या वेळा पाळाव्या लागतात आणि तिथल्या शहरात राहायची सोय बघावी लागते. शाळांमध्ये सर्व्हे असेल तर परीक्षा आणि सुट्ट्यांच्या मधल्या फटीत काम उरकावं लागतं. मुलाखतीला जाण्याआधी एका कागदावर बारा महिने लिहा आणि विषय तुम्हाला कधी, कुठे उभं करणार ते त्यावर मांडा.

पैशाचं गणित सरळ मांडा

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. हॉस्टेल नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफला वयाची अट ३० वर्षांची आहे. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना त्यात ५ वर्षांची सवलत मिळते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि ओबीसी, भटके विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती यांच्याही फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात, म्हणून त्यांच्या वेबसाइट अधूनमधून बघत राहा.

आता गंमत बघा. जेआरएफ-एसआरएफ मिळून पाच वर्षं चालते. नियमाप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, आणि पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळू शकतात. प्रबंध जमा केल्यावर तो बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, मग व्हायवा होतो. हे सगळं सहा महिन्यांत उरकावं असं नियम म्हणतो. म्हणजे शेवटचे काही महिने, कधी अख्खं वर्ष, काम चालू आणि खात्यात पैसे नाहीत, अशी वेळ येऊ शकते. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, "आता तरी नोकरी बघ." शिवाय फेलोशिप दर महिन्याला वेळेवर येईलच असंही नाही, तीन-चार महिन्यांचे पैसे एकदम जमा होतात असंही घडतं. म्हणून पहिल्या महिन्यापासून थोडे बाजूला टाका. आणि फेलोशिपच्या भरवशावर ईएमआय घेऊ नका, प्लीज.

नोकरी सोडणं शक्यच नसेल तर अर्धवेळ पीएचडीची सोय नियमात आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. अभ्यासाला वेळ देऊ आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं त्यात लिहून द्यावं लागतं. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं असतं आणि त्यात निदान ५५ टक्के लागतात. त्यामुळे साहेब तोंडी "हो हो, कर" म्हणाले यावर थांबू नका. कागद हातात घ्या.

लग्न, मूल आणि नियम

हा भाग मुलींनी नीट ऐका, आणि मुलांनीही ऐका, कारण घर दोघांचं असतं.

पीएचडीच्या पूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना मुदतीत आणखी २ वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने गाव बदललं तर मुलीला आपलं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूदही आहे. अट अशी, की ते काम मूळ संस्थेने कुणाच्या निधीतून मिळवलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं, आणि पहिल्या संस्थेला, गाइडला योग्य ते श्रेय द्यावं.

हे सगळं मी पाठ का म्हणून दाखवतेय? कारण स्थळं बघायला सुरुवात झाली, की पहिलं वाक्य येतं, "लग्न झाल्यावर शिक्षण सोडावं लागेल." तेव्हा आपल्याकडे नियम माहीत असलेला माणूस लागतो, आणि तो आपणच असलेलं बरं. माझ्या एका मैत्रिणीने तर चहा-पोह्यांच्या कार्यक्रमातच मुलाला २४० दिवसांचा नियम सांगितला. तो बिचारा पोहे खाता खाता थांबला. त्यांचं लग्न झालं, हे सांगायला हरकत नाही.

रोजचं कसं जमतं?

तिसऱ्या वर्षी माझ्या बाबांची बायपास झाली. मे महिन्याला पंधरा दिवस उरले होते. त्या वर्षीचं मोजमाप बुडालं नाही, कारण पहिल्याच वर्षी मी तिथल्या कॉलेजातल्या एका मुलाला टेप कशी सोडायची, वहीत नोंद कशी करायची ते शिकवलं होतं आणि त्याचं मानधन खर्चात धरलं होतं. दोन महिने मी घरी होते. गाइडना पहिल्याच दिवशी मेल केला, आणि संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत ते लेखी नोंदवून घेतलं. ही समिती दर सत्राला तुमचं काम बघते. अडचण आली की तिच्यापासून लपू नका. कागदावर आलेली अडचण पुढे मुदतवाढ मागताना उपयोगी पडते, मनात ठेवलेली पडत नाही.

म्हणून माझा नियम एकच. माझ्याशिवाय दोन महिने चालेल, असं कामात काहीतरी असायलाच हवं. डेटाची प्रत दोन ठिकाणी, वहीतल्या नोंदी दुसऱ्याला वाचता येतील अशा, आणि फील्डवर एक तरी माणूस.

बाकी लहान गोष्टी. घरच्यांना "कधी संपणार?" याचं उत्तर वर्षात देऊ नका, पुढच्या पायरीत द्या. "दिवाळीपर्यंत दुसरं प्रकरण देतेय" हे आईला कळतं. रोज थोडं लिहा, अगदी दहा ओळी. आणि झोप उडाली, रडू येतंय, सगळं नकोसं वाटतंय असं रोज व्हायला लागलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सेव्ह करून ठेवा. फोन फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि एक बोलायचं राहतंय. माझ्या बॅचमधल्या एकाने तिसऱ्या वर्षी पीएचडी सोडली. आज तो छान काम करतोय, जीआयएसमध्ये. त्याने सोडताना कुणाचे पैसे बुडवले नाहीत, घरच्यांना अंधारात ठेवलं नाही. सोडणं हाही एक निर्णय असतो. तो घ्यायचा झाला तर तोही असाच समोर बसून घ्या.

तर आजचा गृहपाठ. फॉर्म भरायच्या आधी एक पान घ्या. त्यावर चार ओळी: गाइडबद्दल काय कळलं, विषयाचे बारा महिने, पाच वर्षांचा पैसा, आणि या काळात घरात काय काय येऊ शकतं. ते पान ज्यांच्यासोबत राहता त्यांना वाचून दाखवा. ते जे बोलतील ते मागच्या बाजूला लिहा. मग फॉर्म भरा.

पुढच्या भागात संशोधन आराखडा कसा लिहायचा ते बघू. तुमचा विषय एका वाक्यात व्हॉइस मेसेज करून पाठवा, त्यातले काही आपण भागात घेऊ. भेटूया!