अंतःकरणपूर्वक उपासना : मराठी ख्रिस्ती परिभाषेचा एक विचार

‘उपासना’ हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजात इतका रूढ झाला आहे की, त्याच्या अर्थाचा स्वतंत्र विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. रविवारी मंदिरात जे घडते ती उपासना, एवढ्यावर आपण थांबतो. परंतु ती अंतःकरणपूर्वक झाली की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती जीवनात मूलभूत मानला गेला आहे. त्याचे स्वरूप शब्दार्थाच्या वाटेने कितपत उलगडते, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम मूळ शब्द घेऊ. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत या अर्थाचे दोन शब्द प्रमुख आहेत. ‘प्रोस्कुनेइन’ म्हणजे लवून वंदन करणे, लोटांगण घालणे. ‘लात्रेउएइन’ म्हणजे सेवा करणे. दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी मोलाने राबणाऱ्या चाकराची कल्पना आहे. हिब्रूतील ‘अवोदा’ हा शब्दही शेतातील कष्ट आणि देवाची सेवा या दोहोंसाठी येतो. म्हणजे वंदन आणि राबणूक ही या कल्पनेची दोन अंगे होत.

मराठीने या कल्पनेसाठी जे शब्द योजले त्यांचा रोख वेगळा आहे. ‘उपासना’ म्हणजे जवळ बसणे; ‘आराधना’ म्हणजे संतुष्ट करणे; ‘भजन’ आणि ‘भक्ती’ यांच्या मुळाशी असलेल्या ‘भज्’ धातूत वाटून घेणे, सहभागी होणे हा अर्थ आहे. सान्निध्य आणि सहभाग यांची ही छटा वरील ग्रीक शब्दांत नाही. मात्र राबणुकीची छटा मराठीत ‘सेवा’ या शब्दाकडे राहिली. विंचूर, लासलगाव या बाजूच्या खेड्यांतून आजही ‘पूजा’ म्हटले की विधी आणि ‘भजन’ म्हटले की टाळ-मृदंगासह चार माणसांनी मिळून गाणे डोळ्यांसमोर येते. हा भेद मराठी ख्रिस्ती लेखकांनी अचूक हेरला होता.

आता ‘अंतःकरण’ या शब्दाकडे वळू. हिब्रू ‘लेव’ म्हणजे हृदय. पण ते केवळ भावनांचे स्थान नव्हे. विचार आणि निश्चय यांचेही ते स्थान आहे. आपल्याकडील वेदान्तपरिभाषेत मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार मिळून अंतःकरण होते. या दृष्टीने ‘मनापासून’ या शब्दापेक्षा ‘अंतःकरणपूर्वक’ हा शब्द मूळ अर्थाला अधिक जवळचा ठरतो. तेव्हा डोळे पाणावणे ही अंतःकरणपूर्वक उपासनेची पुरेशी खूण नव्हे. बुद्धी आणि निश्चय यांनीही वाकले पाहिजे.

याच कारणास्तव बायबलमध्ये उपासनेची कसोटी उपासनेबाहेर ठेवलेली आढळते. दुर्बळांवर अन्याय चालू असताना केलेले उत्सव व गायने देवाला नकोशी होतात, असे आमोस संदेष्ट्याने बजावले. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, अशी येशूची शिकवण आहे. विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीने उपासनेचे योग्य स्थळ कोणते असा वाद काढला, तेव्हा त्याने स्थळाचा प्रश्न मागे सारून आत्मा आणि सत्य यांवर भर दिला.

महाराष्ट्रात या विचाराची परीक्षा नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनात झाली. टिळकांचे शिक्षण नाशिकात झाले, तर लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या काळात सोवळ्याओवळ्याचा संस्कार त्यांच्या मनातून कसा गळून पडला, याचे प्रांजळ वर्णन ‘स्मृतिचित्रे’त आहे. माणसे देवाची असतील तर त्यांच्या हातचे पाणी विटाळाचे कसे, हा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी प्रथम आचरणाने दिले. बाप्तिस्म्याचा विधी त्यानंतर आला. हा क्रम येथे फार महत्त्वाचा आहे.

टिळकांचा आग्रह असा की, मराठी माणसाचे अंतःकरण मराठी रूपांतूनच मोकळे होईल. म्हणून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांचा ख्रिस्ती उपासनेत पुरस्कार केला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले. पंडिता रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, त्यामागची तळमळही याच जातीची होती. ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी तीन शतके, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध केले होते. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयाने उपासनेत लोकभाषांना वाव दिला, हे लक्षात घेता या मराठी प्रयत्नांचे द्रष्टेपण जाणवते.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वभाषा ही अंतःकरणपूर्वक उपासनेची सोय आहे, हमी नव्हे. परक्या भाषेतील प्रार्थना न समजता म्हणता येते, तशी आपल्या भाषेतील प्रार्थना समजूनही निष्काळजीपणे म्हणता येते. किंबहुना ओळखीचे शब्द जिभेवर अधिक सहज घरंगळतात. फरक इतकाच की, परकी भाषा उपासकाला न समजण्याची सबब पुरवते. स्वभाषा ती काढून घेते. अभंगातून न्याय आणि समेट यांविषयी गाणाऱ्याला आपण काय गात आहोत हे ठाऊक असते, आणि म्हणून त्याचे उत्तरदायित्वही वाढते.

सारांश, ‘उपासना’ या शब्दातील सान्निध्य, ‘भजना’तील सहभाग आणि ‘अवोदा’तील श्रम ही तिन्ही एकत्र आली म्हणजे अंतःकरणपूर्वक उपासनेचा अर्थ पूर्ण होतो. पैकी पहिली दोन मंदिरात अनुभवता येतात. तिसरे मात्र मंदिराबाहेर, सोमवारी सकाळी सुरू होते. मराठी ख्रिस्ती गीतांच्या अभ्यासकांनी या तीन अर्थच्छटांचे प्रमाण कालानुक्रमे तपासल्यास त्या समाजाच्या धर्मजीवनाचा इतिहासच हाती लागण्याचा संभव आहे.