व्यायाम पोटाला, जखम पाठीला!

कृष्णाकाठ हा व्यायामाचा मुलूख आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी नऊ मारुती आजच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. सैन्यात किंवा पोलिसांत भरती व्हायचे म्हणून पहाटे मैदानावर घाम गाळणारी मुले-मुली या भागात गावोगाव दिसतात.

या मेहनतीत पोटाचे व्यायाम आलेच. उताणे झोपायचे, गुडघे दुमडायचे, धड उचलून बसते व्हायचे आणि पुन्हा पाठ टेकायची. चार-आठ दिवस हे केले की अनेकांची तक्रार सुरू होते. पण ती पोटाची नसते! माकडहाडावरची कातडी सोलवटलेली असते, मणक्यांवर लाल चट्टे उठलेले असतात आणि आंघोळीचे पाणी लागताच तेथे झोंबते. काही जण ही मेहनतीची खूण म्हणून मिरवतात, तर काही जण जागा अवघड म्हणून कोणाला सांगतच नाहीत. दोन्ही गोष्टी घातक आहेत. कातडी हा शरीराचा कोट आहे. कोटाला खिंडार पडले की रोगजंतूंना आत शिरायला वाट मिळते.

कातडीत काय घडते?

एक सोपा प्रयोग करा. डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर उजव्या हाताचे बोट घट्ट टेकवा आणि ते थोडेसे मागे-पुढे हलवा. बोट कातडीवरून घसरत नाही. कातडीच बोटाबरोबर हाडावरून सरकते. पोटाचा व्यायाम करताना याच्या उलट घडते. पाठीची कातडी जमिनीला धरून राहते आणि आतले हाड हलते. पत्त्यांची चळत वरून एका बाजूला रेटली की पत्ते एकमेकांवरून सरकू पाहतात, तशी कातडीच्या थरांची ओढाताण होते. अशा ताणाला कर्तन-ताण म्हणतात.

आपल्या कातडीचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, बहुतेक ठिकाणी सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तळहात आणि तळपाय यांवर तो बराच जाड असतो. तेथे ओढाताण झाली की थरांमध्ये फट पडते, तीत द्रव साचतो आणि फोड येतो. पाठीवर मात्र थर पातळ असल्याने फोड येण्याऐवजी वरचा पापुद्राच झिजून जातो. यालाच आपण सोलवटणे म्हणतो.

ओलाव्याची करामत

आता दुसरा प्रयोग. स्टीलच्या ताटावरून कोरडे बोट हलक्या हाताने फिरवा. मग बोट किंचित ओलसर करून फिरवा आणि शेवटी ताटात पाणी ओतून फिरवा. ओलसर बोट सर्वांत जास्त अडखळते. ओलाव्याने कातडी मऊ होऊन पृष्ठभागाला अधिक चिकटते. पाणी भरपूर असले की मध्ये पाण्याचा पडदा तयार होतो आणि बोट घसरते. नोटा मोजणारा बोट ओले का करतो, ते आता लक्षात आले ना?

व्यायामात येणारा घाम नेमका हे अडखळवणारे काम करतो. पाठ आणि बनियन ओलसर होतात, घर्षण वाढते आणि सोलवटणे सुरू होते. वर घामातल्या मिठाची झोंबणी असतेच. म्हणून सुरुवातीच्या दहा बैठ्या उठाव्यांना काही होत नाही. पुढच्या वीस महागात पडतात.

तालमीतले मल्ल अंगाला लाल माती लावतात. ती घाम टिपते आणि पकड देते. हौद्यातल्या मातीत तेल, ताक आणि हळदही घालतात. सांगली तर हळदीची मोठी पेठ! पण कुस्तीत उपयोगी पडणारी हीच माती पोटाच्या व्यायामात पाठीखाली राहिली, तर तिचे कण पॉलिश कागदासारखे काम करतात. म्हणून आधी पाठ झटकून, पुसून घ्यावी.

भार वाटून द्या

घर्षणबल संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. मग जाड घडी अंथरून फायदा काय? हिशेब करून पाहू. समजा, माकडहाडाजवळ २० किलोग्रॅम भार येतो. शहाबादी फरशीवर तो ८ चौरस सेंटिमीटरवर पेलला जात असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलोग्रॅम भार झाला. मऊ घडीवर तोच भार ४० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर वाट्याला फक्त अर्धा किलोग्रॅम येतो. एकूण घर्षण तेवढेच राहिले, तरी कातडीच्या प्रत्येक तुकड्यावरची ओढ पाचपटीने घटते.

मात्र घडी कशाची, हेही महत्त्वाचे आहे. माण, खटाव, जत या भागांतली घोंगडी उबेला उत्तम. पण तिची राठ लोकर उघड्या पाठीला टोचते. घोंगडीवर जुन्या सुती लुगड्याची गोधडी अंथरली की काम झाले. घडी घसरती नसावी.

एवढे करा

बनियन चड्डीत खोचा, म्हणजे ते वर सरकून पाठ उघडी पडणार नाही. जाड शिवण, नाडीची गाठ किंवा पट्ट्याचे बक्कल पाठीखाली येऊ देऊ नका. घामाने कपडा भिजला तर बदला. कातडी हुळहुळी होत असेल, तर तेथे व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा.

व्यायामाची पद्धतही बदलता येते. पूर्ण उठून बसण्याऐवजी फक्त डोके आणि खांदे उचलले, तरी पोटाच्या स्नायूंना काम मिळते. कंबर जमिनीवरच राहते, त्यामुळे माकडहाड घासत नाही. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत असाच अर्धा उठाव असतो.

जखम झालीच तर

जखम स्वच्छ पाणी आणि साबण यांनी धुवा, कोरडी करा आणि स्वच्छ कापडाने झाका. ती भरेपर्यंत पाठ टेकण्याचे व्यायाम बंद ठेवा. त्याऐवजी कोपरे आणि चवडे टेकून धड फळीसारखे ताठ धरा. यात पोटाला भरपूर काम मिळते आणि पाठ मोकळी राहते. जखमेत माती गेली असेल, तर धनुर्वाताची लस घेतली आहे ना, हे घरी विचारा. राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस १० व्या आणि १६ व्या वर्षी पुन्हा देतात. जखमेभोवती सूज, पू किंवा ताप दिसला तर डॉक्टरांकडे जा.

कंबरेला किंवा जांघेत लालसर कडेची, खाजणारी गोल चकती दिसली, तर ते घासणे नव्हे. तो गजकर्ण असू शकतो. हा बुरशीचा रोग एकमेकांचे लंगोट आणि पंचे वापरल्याने पसरतो. दुकानातून मनाने आणलेल्या काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण बुरशी फोफावते. तेव्हा मलम डॉक्टरांना विचारूनच लावा.

शिक्षकांनी व्यायामाच्या तासाला सतरंज्यांच्या चार-दोन घड्या हाताशी ठेवाव्यात आणि कोणाची पाठ झोंबते का, हे आपणहून विचारावे. दुसऱ्या दिवशी पोटाचे स्नायू थोडे दुखणे स्वाभाविक आहे. कातडी झोंबत असेल, तर मात्र पुढचा उठाव काढण्यापूर्वी पाठीखाली काय आहे, ते पाहा.