पिशवी काढली, तांबडा रस्सा कधी?

कोल्हापुरात पित्त दोन प्रकारचं. मिसळीचा कट जास्त झाला की छातीत जळजळतं ते एक, आणि आपल्या तालमीबद्दल कुणी वाकडं बोललं की खवळतं ते दुसरं. खऱ्या पित्ताच्या पिशवीचा या दोन्हींशी काही संबंध नाही. जळजळतं ते जठरातलं आम्ल. पित्त बनवतं यकृत, रोज पाऊण ते एक लिटर, आणि त्यातलं थोडं आटवून, पाच-दहा पट घट्ट करून ठेवायला यकृताच्या खाली एक पिशवी चिकटलेली असते. भरल्या वांग्यांसाठी आपण निवडून घेतो त्या वांग्याएवढी. लांबी ७ ते १० सेंटिमीटर, आत मावतं ३० ते ५० मिलिलिटर. कटिंग चहासुद्धा त्याहून जास्त असतो.

ती बघायची असेल तर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभं राहा. कलेजी सोडवताना खाटीक एक हिरवी पिशवी बोटानं अलगद सुटी करून बाजूला टाकतो. फुटली तर अख्खी कलेजी कडू. सर्जनही तेवढंच जपून वागतो, कारण फुटली तर पित्त आणि खडे पोटभर सांडतात आणि एकेक खडा वेचत बसावं लागतं.

माधुरीला नाही, गव्याला आहे

ही पिशवी सगळ्यांना नसते. घोड्याला नाही, कबुतराला नाही. उंदराला आहे, पण घुशीच्या जवळच्या नात्यातल्या मोठ्या उंदराला, म्हणजे इंग्रजीतल्या रॅटला, नाही. दाजीपूरच्या गव्याला आहे, त्याच जंगलातल्या सांबराला नाही. आणि नांदणी मठाच्या ज्या हत्तिणीसाठी २०२५ मध्ये अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला, त्या माधुरीलाही नाही. एवढं मोठं जनावर पिशवीशिवाय दिवसभर चरतं, मग माणसाचं का अडावं? यकृत पित्त बनवतच राहतं, ते साठण्याऐवजी थेट आतड्यात ठिबकतं, इतकंच.

गाई-बैलांच्या या पिशवीतला खडा तर आपल्या ओळखीचा आहे. गोरोचन ते हेच. आयुर्वेदात आणि चिनी औषधांत त्याला एवढी मागणी की वजनाला वजन लावलं तर भाव सोन्याच्या वर जातो. माणसाच्या खड्याला मात्र सराफांच्या गुजरीत कुणी विचारणार नाही, मग तो कितीही पैलूदार असो. आणि पैलू खरंच पडतात. एका पिशवीत खडे दाटीनं बसले की एकमेकांवर टेकून-घासून कडा सपाट होतात. कोलेस्टेरॉलचे पिवळसर, रंगद्रव्याचे काळेकुट्ट. गिनेस बुकातला विक्रम इंग्लंडचा आहे: १९८७ साली एका ८५ वर्षांच्या आजींच्या पिशवीतून २३,५३० खडे निघाले. आजींपेक्षा मला ते मोजणाऱ्याची दया येते.

पाणी पी, पडेल

खडा म्हटलं की गल्लीतला प्रत्येकजण डॉक्टर. "भरपूर पाणी पी, पडतोय बघ!" हा सल्ला मुतखड्याचा. मूत्रपिंडातल्या खड्याला लघवीची वाट आहे, पित्ताच्या खड्याला ती नाही. पाणी कितीही प्या, बिअर प्या, कुळथाचं कढण प्या, ते त्या पिशवीत जातच नाही. उलट खडा तिथून सटकून पित्तनळीत अडकला तर कावीळ होते, आणि स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेततं. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन सकाळी "हिरवे खडे पडले" म्हणून फोटो दाखवणारे भेटतात. ते खडे तेलाचेच पोटात झालेले साबणासारखे गोळे असतात.

तरी एक गोष्ट दिलाशाची. बहुतेकांचे खडे जन्मभर गप्प बसतात. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते दिसले आणि त्रास काही नसेल, तर सहसा कुणी लगेच टेबलावर घेत नाही.

दुर्बिणीचं ऑपरेशन

त्रास देणारी पिशवी काढण्याच्या ऑपरेशनला डॉक्टर आपसात 'लॅप कोली' म्हणतात, नातेवाईक 'दुर्बिणीचं'. नातेवाइकांचा शब्द जास्त नेमका. बेंबीपाशी सेंटिमीटरभर छेद, त्यातून पोटात कार्बन डायऑक्साइड. पोट पुरीसारखं टम्म फुगतं, कारण आत हात नाही, नुसत्या नळ्या जाणार आणि त्यांना हलायला जागा हवी. हाच वायू का? तो पेट घेत नाही, त्यामुळे आत विजेनं जाळून रक्तस्राव थांबवता येतो. आणि रक्तात पटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. दाब असतो पाऱ्याचे १२ ते १५ मिलिमीटर.

मग बेंबीतून दुर्बीण आणि आणखी तीन छोटी भोकं. सर्जन पेशंटकडे बघतच नाही, टीव्हीकडे बघतो. हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं, म्हणून शिकाऊ डॉक्टर आधी खोक्यात हत्यारं घालून सराव करतात. पिशवीची नळी आणि तिची रक्तवाहिनी, या दोनच गोष्टी पिशवीत शिरताना स्पष्ट दिसेपर्यंत काही कापायचं नाही, हा नियम. चुकून मुख्य पित्तनळी कापली तर पेशंट वर्षानुवर्षं भोगतो. सूज फार असेल, नीट दिसत नसेल, तर शहाणा सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून सरळ पोट उघडतो. नातेवाईक त्याला "फेल गेलं" म्हणतात. मी त्याला अक्कल म्हणतो.

दिसलं की टायटॅनियमच्या बारीक क्लिपा. त्या आत जन्मभर राहतात. सुटी झालेली पिशवी थैलीत भरून भोकातून ओढून घ्यायची. थैली महाग पडते, म्हणून आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रबरी हातमोज्याचीच थैली करतात. मग बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांच्या हातात प्लास्टिकच्या डबीतले खडे येतात, आणि ती डबी पाव्हण्या-रावळ्यांना दाखवत महिनाभर घरात फिरते.

हसलेले सर्जन

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ ला केलं. नुसते खडे काढून भागत नाही, पिशवी ठेवली तर नवे होतात, हा त्यांचा मुद्दा. पुढची शंभर वर्षं बरगडीखाली वीतभर चीर हीच रीत. आपल्या भागात मोठं ऑपरेशन म्हटलं की कोल्हापुरात थोरला दवाखाना, नाहीतर थेट मिरज, डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल.

१२ सप्टेंबर १९८५ ला जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी जर्मन सर्जनांच्या संघटनेच्या परिषदेत सांगितलं तर सहकाऱ्यांनी 'मिकी माउस सर्जरी' म्हणून खिल्ली उडवली. १९९२ मध्ये त्याच संघटनेनं त्यांचा सत्कार केला. सर्जन मंडळींचं पित्तसुद्धा असं उशिरा उतरतं.

भारतात हे पहिल्यांदा झालं १९९० मध्ये, आणि कुठल्या पंचतारांकित रुग्णालयात नव्हे, तर मुंबईच्या जे. जे. मध्ये. सर्जन डॉ. तेहेमतन उदवाडिया. त्यांचं म्हणणं साधं होतं: लवकर कामावर परतण्याची गरज श्रीमंतापेक्षा हातावर पोट असणाऱ्याला जास्त, तेव्हा हे तंत्र आधी त्याच्यासाठी. त्यांना २०१७ साली पद्मभूषण मिळालं.

त्याआधीच २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जननं फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या बाईंचं पित्ताशय यंत्रमानवाकरवी काढलं होतं. मधे अख्खा अटलांटिक.

पोट कापलं, खांदा का दुखतो?

ऑपरेशननंतर हमखास येणारी तक्रार. उरलेला वायू छाती-पोटामधल्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, डिवचतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, खांद्याची जाणीवही तिथूनच. मेंदूची गल्लत होते. एक-दोन दिवसांत थांबतं.

आणि शुद्धीवर आल्यावर इथला पहिला प्रश्न: "डॉक्टर, तांबडा-पांढरा कधी?" बहुतेकजण एक-दोन दिवसांत घरी जातात. सुरुवातीला वरण-भात, तूप बेतानं. काहींना थोडे दिवस पातळ शौचाला होतं. मग हळूहळू ताट पूर्वीसारखं.

तेव्हा जड जेवणानंतर, बहुधा रात्री, उजव्या बरगडीखाली तास-तासभर कळ येत असेल आणि ती पाठीत खवाट्याकडे जात असेल, तर "पित्त झालंय" म्हणून गोळ्या चघळत बसू नका, सोनोग्राफी करून घ्या. फक्त त्या सकाळी मिसळ खाऊन जाऊ नका. तेलकट पोटात गेलं की पिशवी आकसून रिकामी होते, खडे नीट दिसत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी परत यावं लागतं.