नाण्यांच्या संग्रहासाठीं लांकडी कपाट : केळशीच्या निमित्तानें

केळशीच्या बाजूच्या एका गृहस्थांनीं मध्यंतरीं आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांच्या घरीं आजोबांपासून चालत आलेलीं सुमारें दोनशें नाणीं आहेत. त्यांत शिवराया आहेत, मुसलमानी अमदानींतील तांब्याचीं व चांदीचीं नाणीं आहेत, आणि थोडीं शिशाचीं आहेत. हीं सर्व ठेवण्यासाठीं पावसाळ्यापूर्वीं एक कपाट करून घ्यावयाचें असून तें कोणत्या लांकडाचें व कसें असावें, एवढाच त्यांचा प्रश्न. दिसावयास तो सुताराचा आहे. परंतु विचार करूं लागतांच तो इतिहासाच्या साधनांच्या रक्षणाचा आहे असें आम्हांस आढळून आलें. जुने कागद वाळवीनें खाल्ले जातात हें सर्वांस ठाऊक आहे, म्हणून दप्तरांची काळजी थोडीबहुत घेतली जाते. नाणें पडलें धातूचें. तें आपोआप टिकतें अशी समजूत असल्यामुळें त्याकडे कोणी पाहत नाहीं. ही समजूत कोंकणच्या हवेंत विशेषच महाग पडते. याकरितां सदरहू गृहस्थांस दिलेलें उत्तर कांहींसें विस्तारानें येथें मांडीत आहों.

प्रथम केळशीचेंच उदाहरण घेऊं; कारण नाणें जपावयाचें म्हणजे नेमकें काय जपावयाचें, हें त्यावरून चांगलें समजतें. केळशी हें रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील, भारजा नदीच्या मुखाशीं वसलेलें गांव. उत्तरेस बाणकोट, दक्षिणेस आंजर्लें व हर्णै आणि त्यांच्याही पलीकडे दाभोळचें जुनें बंदर आहे. महालक्ष्मीचें देवालय व याकूबबाबांचा दर्गा यांमुळें गांवाचें नांव सर्वत्र माहीत आहे. परंतु संशोधकांचें लक्ष वेधलें तें तेथील खाडीकांठच्या वाळूच्या मोठ्या टेकडीनें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील डॉ. अशोक मराठे यांनीं या टेकडीचा अभ्यास केला. टेकडींत खापरें, हाडें इत्यादि मानवी वस्तीच्या खुणा मिळाल्या, आणि त्यांबरोबर बहमनी सुलतान पहिला अहमदशहा (राज्यकाल १४२२ ते १४३६) याचीं नाणीं मिळालीं. ही वाळू समुद्राच्या एखाद्या प्रचंड लाटेनें आणून टाकली असावी आणि ती लाट १५२४ सालची असावी, असें मत या अभ्यासांतून पुढें आलें. त्याच सालीं दाभोळच्या बाजूच्या समुद्रांत वास्को द गामाच्या ताफ्यास समुद्रकंप जाणवल्याचें पोर्तुगीज लिखाणांत आहे, त्याची सांगड या मताशीं घातली जाते. तें मत कितपत ग्राह्य मानावें हें भूगर्भशास्त्राच्या जाणत्यांनीं ठरवावें. आमचा मुद्दा निराळा आहे.

अहमदशहाचें नाणें दुर्मिळ नाहीं. बाजारांत तसलीं नाणीं अनेक मिळतील. मग केळशीच्या नाण्यांचें महत्त्व कशांत? तें वाळूच्या कोणत्या थरांत, कशाच्या संगतींत सांपडलें, यांत. ज्या थरांत नाणें पडलें आहे तो थर त्या नाण्याच्या सालापूर्वींचा असूं शकत नाहीं; ह्या एका साध्या तर्कावर टेकडीच्या वयाचा विचार उभा आहे. तेंच नाणें थराची नोंद न ठेवतां उचलून खिशांत घातलें असतें तर धातु तेवढाच राहिला असता, चमकही तेवढीच राहिली असती, आणि पुरावा मात्र नाहींसा झाला असता.

दुसरें उदाहरण नाशिकजवळील जोगळटेंभीचें. तेथें १९०६ सालीं क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा सांठा सांपडला आणि त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आढळला. सातवाहनांनीं क्षहरातांचें राज्य घेतल्याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल. परंतु हा पुरावा सबंध सांठ्याचा आहे; त्यांतील एकटेंदुकटें नाणें तो देऊं शकत नाहीं. तात्पर्य, नाण्यांच्या कपाटानें दोन गोष्टी राखावयाच्या असतात : नाण्याचा धातु आणि नाण्याची हकीकत. पुढील सर्व विवेचन या दोहोंच्या अनुरोधानें आहे.

धातूचे शत्रु केळशीसारख्या गांवीं दोन : दमट हवा आणि समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारा खार. तांब्याच्या किंवा कांशाच्या नाण्यांत खार मुरला कीं त्यावर फिकट हिरवी, भुरभुरीत पूड धरते. पुसली तरी ती पुन्हां येते आणि हळूहळू नाण्याचा पृष्ठभाग खाऊन टाकते. हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ४२ ते ४६ च्या वर गेली म्हणजे हा रोग जोर धरतो. कोंकणच्या पावसाळ्यांत ती दिवसेंदिवस ८० च्या वर असते. नाण्यावर बसलेली घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवी किंवा तपकिरी झांक हा रोग नव्हे. ती नाण्याचें कवचच आहे, व तिला हात लावूं नये. भुरभुरणारी पूड दिसली तर मात्र तें नाणें तत्काळ इतरांपासून वेगळें करावें.

तिसरा शत्रु आपण स्वतःच घरांत आणतों, आणि तो म्हणजे लांकूड. लांकडांतून सिरक्याच्या जातीचें आम्ल वाफेच्या रूपानें सतत निघत असतें. नव्या, ओल्या लांकडांतून तें अधिक निघतें; उष्ण व दमट हवेंत आणखी अधिक; आणि लांकूड जुनें झालें म्हणून तें अजीबात थांबत नाहीं. बंद खणांत हें आम्ल सांचतें. सोन्यास त्याची बाधा नाहीं, चांदीस थोडी, तांब्यास बरीच, आणि शिशास सर्वांत जास्त. शिशाच्या नाण्यावर पांढरी भुकटी धरते व कांहीं वर्षांत अक्षरें व चिन्हें ओळखेनाशीं होतात. महाराष्ट्रांत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. कारण सातवाहनांनीं शिशाचीं नाणीं मोठ्या प्रमाणांत पाडलीं. आमच्या पाहण्यांतील एका खाजगी संग्रहांत अशीं नाणीं हौसेनें केलेल्या नव्या कोऱ्या कपाटांत ठेवलीं होतीं. चार पावसाळ्यांनंतर त्यांतील निम्म्यांवरील हत्ती व उज्जयिनी-चिन्ह ओळखतां येईना. जमिनीखालीं दोन हजार वर्षें जें टिकलें तें कपाटांत चार वर्षें टिकलें नाहीं.

सर्व लांकडें सारखीं नसतात. पाश्चात्य परीक्षकांनीं जी वर्गवारी केली आहे तींत ओक व चेस्टनट हीं सर्वांत वाईट ठरलीं आहेत. बीच, बर्च व आपला साग हीं मध्यम. आणि मॉहॉगनी, अक्रोड, एल्म हीं त्यांतल्या त्यांत निरुपद्रवी. युरोपांतील जुने संग्राहक नाण्यांचीं कपाटें मॉहॉगनीचींच कां करीत, याचें एक कारण यांत सांपडतें. आपल्याकडे मात्र उत्तम लांकूड म्हणजे साग, हें समीकरण इतकें दृढ झालें आहे कीं सागाविषयीं शंका घेणें सुतारास अपमानास्पद वाटतें. सागास वाळवी सहसा लागत नाहीं व तो फारसा वांकत नाहीं, हे त्याचे गुण खरे. परंतु ते दाराखिडक्यांचे गुण आहेत. शिशाच्या नाण्याच्या दृष्टीनें साग मध्यम प्रतीचा आहे हें लक्षांत ठेवावें. फणस, आंबा वगैरे कोंकणांतील लांकडांचा विचार पुढील परीक्षेवरच करावा. देवदार, चंदन, कापूर अशीं उग्र वासाचीं तेलकट लांकडें खणांच्या आंत मुळींच वापरूं नयेत.

ही परीक्षा घरीं करतां येते. ब्रिटिश म्यूझियममध्यें अँड्र्यू ऑडी यांनीं १९७३ सालीं प्रचारांत आणलेल्या पद्धतीचें तें सोपें रूप आहे. मूळ पद्धतींत लांकडाचा तुकडा, थोडें पाणी आणि चांदी, तांबें व शिसें यांचे स्वच्छ पत्रे एका बंद कांचपात्रांत ६० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत २८ दिवस ठेवतात. घरीं दोन घट्ट झांकणाच्या बरण्या घ्याव्या. दोहोंत नुकताच खरवडलेला शिशाचा तुकडा व ओला कापसाचा बोळा ठेवावा. एकींत मात्र त्या लांकडाचा भुसा घालावा. शिसें भुशास किंवा कापसास लागूं देऊं नये. बरण्या उबदार जागीं महिना दीड महिना ठेवून दोन्ही तुकडे ताडून पाहावे. भुशाच्या बरणींतील शिसें पांढरें झालें आणि दुसरींतील तसें झालें नाहीं, तर तें लांकूड दारास वापरावें, खणास नको. एवढ्या धीरानें एक संग्रह वांचतो.

येथें कोणी म्हणेल, मग लोखंडी कपाट कां नको? भट्टींत पक्का केलेला रंग दिलेलीं पोलादी कपाटें आजकाल संग्रहालयें पसंत करतात हें खरें आहे, आणि ज्याच्याजवळ कोरडी खोली आहे त्यानें तींच घ्यावीं. परंतु समुद्रकांठीं रंगाचा एक टवका उडाला कीं लोखंड गंजूं लागतें. शिवाय रात्रीं थंड पडलेल्या पत्र्यावर दंव धरतें व तें नाण्यांवर उतरतें. लांकूड हवेंतील ओल शोषतें व सावकाश सोडतें, त्यामुळें आंतील हवेंत एकाएकीं फरक पडत नाहीं. म्हणून कोंकणांतील घरांत विचारपूर्वक निवडलेल्या लांकडाचें कपाट त्याज्य नाहीं. प्लायवूड व भुशाचे दाबलेले फळे मात्र टाळावे. त्यांच्या सरसांतून निघणारी वाफ लांकडाच्या आम्लाहून बरी नसते.

कपाटाची घडण अशी असावी. लांकूड कापून निदान दोन उन्हाळे सुकलेलें असावें. जुन्या घराची पडलेली तुळई मिळाली तर ती नव्या लांकडाहून बरी. खण उथळ असावे, आणि प्रत्येक खणांत वाटोळे खळगे पाडलेलें तबक बसवावें. खळगे तीन चार मापांचे हवेत. शिवराई वजनास दहा ग्रॅमच्या आसपास व जाड असते. तिचा खळगा चांदीच्या लहान नाण्यास घातला तर खण ओढतांच तें घसरूं लागतें व घासून झिजतें. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या लारी ज्यांच्या संग्रहांत असतील त्यांनीं एका तबकास लांबट खांचा पाडाव्या. कारण लारी हें चांदीची तार केंसांच्या आंकड्यासारखी दुमडून केलेलें नाणें आहे व वाटोळ्या खळग्यांत तें राहत नाहीं. बाहेरून लाखेचें पॉलिश द्यावें. आंतून रंग, जवसाचें तेल किंवा व्हार्निश कांहींही लावूं नये, कारण सुकणारें तेल स्वतःच आम्ल सोडतें. खळग्यांत लोंकरीचें कापड किंवा रबर घालूं नये. त्यांतील गंधकानें चांदी काळी पडते. धुतलेलें, रंग न दिलेलें सुती कापड पुरे. पी.व्ही.सी.चीं मऊ पाकिटें व डांबराच्या गोळ्या यांसही कपाटांत थारा देऊं नये.

कपाट समुद्राकडील भिंतीस टेकवूं नये. भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंच ठेवावें. पावसाळ्यांत तें वारंवार उघडूं नये. शिशाचीं नाणीं, आणि ज्यांवर हिरवी पूड दिसली तीं तांब्याचीं नाणीं, लांकडी कपाटांत न ठेवतां सिलिका जेलची पुडी घातलेल्या हवाबंद डब्यांत निरनिराळीं ठेवावीं. लांकडी खणांत ती पुडी व्यर्थ आहे. लांकडाच्या फटींतून कोंकणचा सबंध पावसाळा आंत येतो, त्यास एक पुडी काय पुरणार? तसेंच लक्ष्मीपूजनासाठीं जुनीं नाणीं चिंचेनें व राखेनें घांसण्याची जी चाल आहे ती संग्रहांतील नाण्यांपुरती तरी बंद करावी. पूजेस चालू नाणें ठेवावें. देवीस त्यांत कांहीं उणें वाटणार नाहीं.

आतां दुसरी गोष्ट, हकीकत. प्रत्येक खळग्यांत नाण्याखालीं एक जाड, आम्लरहित कागदाची चकती असावी. तीवर पेन्सिलीनें क्रमांक लिहावा आणि त्याच क्रमांकाखालीं वहींत नाणें कोठें, केव्हां, किती खोल, कशाबरोबर व कोणास सांपडलें हें नोंदावें. वजन, व्यास व दोन्ही बाजूंचें छायाचित्रही असावें, म्हणजे नाणें बिघडलें तरी वाचन उरेल. एका ठिकाणीं सांपडलेलीं नाणीं राजवार वांटून निरनिराळ्या खणांत घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. सांठा एकत्र राहावा, वर्गवारी वहींत करावी. वहीची एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. जमिनींत नवीन सांठा सांपडला आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास वर्दी देणें प्राप्तच आहे. ती देण्यापूर्वीं जागा व नाण्यांची मांडणी हलवूं नये.

उपर्युक्त गृहस्थांस आम्हीं शेवटीं असें सुचविलें कीं, नवीन सागाची मागणी रद्द करावी. जुन्या तुळईचें लांकूड बरणींत तपासून तें उतरलें तर त्याचेच खण करावे. शिशाचीं नाणीं आजच डब्यांत घालावीं. आणि सुतार येईपर्यंत वही लिहावयास बसावें. त्यावर त्यांनीं कळविलें कीं, वही सुरू केली असून दोनशेंपैकीं एकतीस नाण्यांचीच जागा घरांतील वृद्ध आतेस आठवते. बाकीच्यांची आठवण आजोबांबरोबर गेली. हीं एकतीस नांवें आतां लिहिलीं गेलीं आहेत. कपाट पुढील सालीं झालें तरी चालेल; परंतु ज्यांच्या घरीं असा संग्रह आहे व तो कोठून आला हें सांगणारें माणूस अद्याप आहे, त्यांनीं वहीचें काम मात्र पुढील सालावर टाकूं नये, अशी आमची त्यांस विनंति आहे.