प्रत्यारोपित हृदयातील ऊतिबदल आणि आपले औषध

दि. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. रुग्ण १८ दिवस जगला. भारतात हे कार्य ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी सिद्ध केले. आता असे रुग्ण वर्षानुवर्षे जगतात आणि कधीतरी आपल्या चिकित्सालयाचीही पायरी चढतात.

परके हृदय शरीराने स्वीकारले की नाही, हे लक्षणांवरून वेळेवर कळतेच असे नाही. म्हणून १९७३ च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे फिलिप केव्ह्ज यांनी मानेतील शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या जवनिकेत नेऊन ऊतीचे सूक्ष्म तुकडे काढण्याची पद्धत रूढ केली, तर मार्गारेट बिलिंगहॅम यांनी त्या तुकड्यांवरून अस्वीकाराची प्रतवारी बसविली. २००४ मध्ये सुधारलेल्या प्रतवारीनुसार लसिकापेशींचा शिरकाव झाला असून स्नायुपेशींचा नाश फार तर एकाच ठिकाणी असेल, तर ती सौम्य अवस्था होय. रुग्णास त्रास नसल्यास सहसा केवळ लक्ष ठेवले जाते. असा नाश दोन वा अधिक ठिकाणी दिसला की उपचार वाढवावे लागतात. सर्वत्र शिरकाव, अनेक ठिकाणी नाश, सूज, रक्तस्राव ही तीव्र अवस्था प्राणघातक ठरू शकते. पुढील वर्षांत हृद्रोहिणींचे अंतःस्तर जाड होत जातात. शस्त्रक्रियेत मज्जातंतू छेदलेले असल्याने छातीत कळ येईलच असे नाही.

आपल्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. झुरिक येथील दोन हृदयप्रत्यारोपित रुग्णांचा वृत्तान्त २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांनीही सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतली होती. तिच्यामुळे यकृतातील व आतड्यातील विकरे उत्तेजित होऊन रक्तातील सायक्लोस्पोरिन घटले आणि ऊतिपरीक्षेत तीव्र अस्वीकार आढळला. वनस्पती थांबविताच औषधाची पातळी पूर्ववत झाली. ‘वनौषधी निरुपद्रवी’ हा समज येथे जिवावर बेतला असता!

आपली पिप्पली व मरिच तर योगवाही. त्यांतील पायपेरीन याच विकरांना रोधते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे धोका उलट दिशेने, औषध वाढून वृक्कांना इजा होण्याचा. त्रिकटू किती कल्पांत आहे, हे औषधविक्रेत्यांना सांगणे नकोच. गुडूचीसारखे रसायन आपण बलवृद्धीसाठी देतो. या रुग्णात मात्र ते बल हेतुतः दाबून ठेवलेले असते.

तेव्हा चिठ्ठीवर सायक्लोस्पोरिन वा टॅक्रोलिमस दिसल्यास प्रत्यारोपण करणाऱ्या वैद्यकीय पथकाशी बोलल्याविना चूर्णाची पुडीही देऊ नये. आणि पूर्वी घेतलेल्या औषधांची घटकांसह यादी रुग्णाच्या हाती लिहून द्यावी.