मस्टरवर न दिसणारी कामगार कपात

सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमधील एखाद्या संगणक कंपनीने माणसे कमी केली, तर त्याची बातमी होते. त्याच महानगराच्या नैर्ऋत्येस, हुगळीकाठच्या मेटियाब्रुजमध्ये शिलाई यंत्रे थांबली, तर होत नाही. अवधचा पदच्युत नबाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये येथे आला. शिवणकामाची परंपरा तेव्हापासूनची मानली जाते. येथील 'ओस्तागर' कापड आणतो, बेततो आणि घरोघरी नगाप्रमाणे मजुरी देऊन शिवून घेतो. माल मुख्यत: देशांतर्गत बाजारात जातो. म्हणूनच या कारागिरांना खरी झळ लागते ती आयातीची.

नोव्हेंबर २०११ मध्ये भारताने साफ्टा करारान्वये अल्पविकसित सदस्य देशांना मद्य व तंबाखू वगळता जवळजवळ सर्व वस्तूंवर सीमाशुल्कमाफी दिली. तरीही बांगलादेशी कपड्यांवर प्रतिशुल्क लागू होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि तोही अडसर गेला, कारण नव्या एकात्मिक कराची वजावट आयातदारास मिळते. शिवाय तेथील निर्यातदार चिनी कापड शुल्काविना आणू शकतो. आपल्याकडे मात्र कृत्रिम तंतूंवर १८, सुतावर १२ व कापडावर ५ टक्के अशी उलटी कररचना होती. ती २२ सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्त झाली. माझ्या मते फार उशिरा.

१७ मे २०२५ रोजी बांगलादेशी तयार कपड्यांना भूमार्ग बंद करून न्हावाशेवा व कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवण्यात आली. कोलकात्याची गोदी मेटियाब्रुजच्या शेजारीच आहे, हा योगायोगच म्हणावयाचा!

कामगार कपातीस पूर्वपरवानगीची अट औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ अन्वये १०० कामगारांच्या कारखान्यास होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा ३०० केली. घरी शिवणाऱ्या स्त्रीला दोन्ही तरतुदी सारख्याच निरुपयोगी, कारण तिचे नाव कोणत्याच मस्टरवर नाही.

परीक्षार्थींनी येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या 'चालू साप्ताहिक स्थिती'नुसार आठवड्यात एक तास काम मिळालेली व्यक्तीही रोजगारप्राप्त ठरते. सहा दिवसांचे काम दोन दिवसांवर आले, तरी ही कारागीर बेरोजगारांच्या आकड्यात येत नाही. तिची घट शोधावयाची तर कामाचे तास आणि मजुरीचे तक्ते पाहावे लागतात.